प्रॉम्प्टरची वही

सावईच्या देवळासमोर दोन दारं उभी केली होती,
प्लायवूडची. मध्ये रस्ता.
डाव्या विंगेतून बंदर, उजव्या विंगेतून बाजार:
हे असंच असतं, पाद्री इनासियु म्हणाले होते,
दोन हजार वर्षं असंच आहे.
आमच्याकडे डावीकडे सुपाऱ्या वाळत घातलेल्या,
उजवीकडे फोंड्याची शेवटची बस वळायची.

रायतूरच्या सेमिनारीत त्यांनी चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं.
निवृत्त झाल्यावर जुन्या रोमचं एक प्रहसन
कामत मास्तरांना तोंडी सांगितलं, पेजेच्या वेळी,
रोज एक प्रवेश.
मास्तरांकडे त्याच गोष्टीची दुसरी वाट होती:
इटलीत, कुण्या ड्यूकच्या लग्नात खेळलेली,
तिच्यावरून कुणा इंग्रजाने उचललेली,
त्याच्यावरून पुण्यात कुणी.
नाटक आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा
त्याच्या अंगावर चार गावांची धूळ होती
आणि कपडे सगळे उसने.

कंजूष म्हातारा तोच. बढाईखोर शिपाई तोच,
फक्त त्याला पाखल्याची टोपी.
जुळे भाऊ: उंच काळा रोहिदास, बुटका गोरा मोरू.
दोघांना एकसारखी मिशी चिकटवली
आणि अख्ख्या गावाने त्यांच्यात गल्लत केली.
पाद्री खूष. मुखवटा म्हणजे हेच, म्हणाले,
डोळ्यांना एक निमित्त दिलं की पुरतं.

आणि गडी.
धन्याला धन्याच्याच पैशाने फसवणारा,
दर प्रवेशात चाबकाची धमकी ऐकणारा,
सगळ्या गाठी तोच मारतो, तोच सोडवतो.
ते काम पुतू गावड्याकडे.
पुतू भाटकारांच्या कुळागरात मुंडकार.
वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, तो गिळायचा.

भाटकार पहिल्या रांगेत, वेताच्या खुर्चीत.

मी विंगेत, बॅटरी आणि वही.
शेवटचा प्रवेश. भाऊ भावाला ओळखतो,
धनी म्हणतो, "माग रे, काय हवं ते माग."
वहीत उत्तर: "धनी, पोटभर जेवण आणि एक धोतरजोडी."
हशा. पडदा.

पुतू गप्प.
मला वाटलं, विसरला. कुजबुजलो: पोटभर जेवण.
पुन्हा: पोटभर जेवण.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नाटकातल्या धन्याकडे,
मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे,
आणि रात्रभर छापील मराठी बोललेला माणूस
घरच्या भाषेत म्हणाला:
"म्हजे खोपी सकयली जमीन. माका ती जाय."

माझ्या वहीत पुढे काही नव्हतं.
पेट्रोमॅक्स तेवढा सूं करत होता.

मग भाटकार हसले.
मांडीवर थाप मारून, मोठ्याने. मग सगळे.
ते हसले म्हणून वाक्याचा विनोद झाला,
ते हसले म्हणून पुतू सकाळी
नेहमीसारखा माडीवर चढू शकला.
की एवढ्या माणसांसमोर
हसण्यावाचून त्यांच्याकडेही ओळ नव्हती?
मला अजून ठरवता येत नाही.

मास्तर चिडले. पदरचं घातलं, म्हणाले.
पाद्री मागच्या बाकावरून सावकाश उठून आले.
"त्याने काही घातलं नाही, मास्तर.
मुळात तो गडी नव्हे, गुलाम,
आणि शेवटी तो सुटका मागतो.
वाटेत कुणीतरी ते गाळलं,
मेजवानीची घाई असेल,
आणि त्याच्या हातावर जेवण ठेवलं."
"मग याला कुणी सांगितलं?" मी विचारलं.
पाद्रींनी पुतूकडे पाहिलं.
तो खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होता,
कानामागचा राहिला होता.

दुसऱ्या वर्षी ते वाक्य वहीत आलं, माझ्याच अक्षरात.
पुतूने ते तसंच म्हटलं, लोक त्याच जागी हसले.
वेताची खुर्ची त्या जत्रेला रिकामी होती.
मुंडकार कायदा यायला अजून अवकाश होता.

वही माझ्याकडे आहे.
तिसऱ्या अंकाच्या पानांत एक मिशी चिकटली आहे,
रोहिदासची की मोरूची, सांगता येणार नाही.